स्मार्ट घड्याळे आणि मनगटाची त्वचा : पुरळ, ॲलर्जी आणि भाजण्याची कारणे व उपाय

मनगटावर बांधल्या जाणाऱ्या स्मार्ट घड्याळांमुळे आणि व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या पट्ट्यांमुळे त्वचेला खाज सुटणे, पुरळ उठणे, फोड येणे आणि क्वचित भाजणे, असे प्रकार गेल्या दशकभरात अनेकदा समोर आले आहेत. बहुतेक वेळा हा त्रास सौम्य असतो आणि घड्याळ काढून ठेवल्यावर काही दिवसांत कमी होतो. मात्र घाम व घर्षणामुळे होणारी जळजळ, एखाद्या धातूची किंवा रसायनाची ॲलर्जी आणि बॅटरीच्या उष्णतेने झालेली इजा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींची सुरुवात मनगटावरच्या लाल चट्ट्याने होत असली, तरी त्यांची कारणे आणि उपचार वेगळे आहेत. या तिन्हींविषयीची आवश्यक माहिती पुढे देत आहोत.

साध्या घड्याळापेक्षा वेगळे काय?

साधे मनगटी घड्याळ पूर्वीपासून वापरात आहे आणि त्याच्या पट्ट्यामुळे किंवा बक्कलमुळे होणारी ॲलर्जी त्वचारोगतज्ज्ञांना नवीन नाही. परंतु साधे घड्याळ सहसा सैल बांधले जाते आणि आंघोळीच्या व झोपेच्या वेळी काढून ठेवले जाते. स्मार्ट घड्याळाची रीत निराळी आहे. नाडीचे ठोके मोजणारा संवेदक त्वचेला चिकटून असावा लागतो. म्हणून घड्याळ घट्ट बांधले जाते. झोपेची नोंद हवी असल्यास ते रात्रीही काढले जात नाही. व्यायाम करताना, म्हणजे घाम सर्वाधिक येत असताना, तर ते हमखास हातावर असते.

परिणामी त्वचेचा तोच भाग दिवसाचे वीस-बावीस तास झाकलेला, दाबलेला आणि ओलसर राहतो. त्यातच त्वचेपासून काही मिलिमीटर अंतरावर लिथियम-आयन बॅटरी असते आणि घड्याळाच्या पाठीवर चार्जिंगसाठी धातूचे उघडे बिंदू असू शकतात. स्मार्ट घड्याळाशी संबंधित बहुतेक तक्रारींचे मूळ या रचनेत आणि वापराच्या पद्धतीत सापडते.

घाम, साबण आणि घर्षण

सर्वाधिक आढळणारा त्रास हा ॲलर्जीचा नसून साध्या जळजळीचा असतो. वैद्यकीय परिभाषेत त्याला क्षोभजन्य संपर्क त्वचादाह असे म्हणतात. पट्ट्याखाली अडकलेला घाम, हात धुताना आत गेलेला साबण, सनस्क्रीन किंवा डास प्रतिबंधक मलमाचा थर आणि सततचे घर्षण यांमुळे त्वचेचे वरचे संरक्षक आवरण कमकुवत होते. प्रथम कोरडेपणा व लाली दिसते, नंतर खाज आणि आग होऊ लागते. हा प्रकार कोणालाही होऊ शकतो.

मुंबई, कोकण आणि गोव्यासारख्या दमट हवेच्या भागात, तसेच पावसाळ्यात सर्वत्र, हा त्रास वाढतो. घामाच्या ग्रंथींची तोंडे बंद होऊन पट्ट्याखाली घामोळे येऊ शकते. ओलसर व उबदार जागा बुरशीलाही पोषक असते, त्यामुळे काही वेळा पट्ट्याखालची खाज ही प्रत्यक्षात नायटा अर्थात गजकर्ण असते.

पट्ट्यांवरील जंतूंचा अभ्यास अमेरिकेतील फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाच्या संशोधकांनी केला असून तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या पट्ट्यांपैकी सुमारे ९५ टक्के पट्ट्यांवर जिवाणू आढळले. रबर आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर त्यांचे प्रमाण अधिक, तर सोने व चांदीसारख्या धातूच्या पट्ट्यांवर अत्यल्प होते. ७० टक्के अल्कोहोलने पट्टा पुसल्यास जिवाणूंचा प्रभावीपणे नाश होतो, असेही या अभ्यासात दिसून आले. निरोगी त्वचेवर असे जिवाणू असणे ही घाबरण्याची बाब नाही. मात्र खाजवून त्वचा फुटली असेल, तर त्यांच्यामुळे जखम चिघळू शकते.

निकेल, गोंद आणि रंग

ॲलर्जीचा प्रकार याहून वेगळा आहे. येथे शरीराची प्रतिकार यंत्रणा एखाद्या विशिष्ट पदार्थाला शत्रू समजून प्रतिसाद देते. ही संवेदनशीलता एकदा निर्माण झाली की ती बहुधा दीर्घकाळ, अनेकदा आयुष्यभर राहते. पहिल्या संपर्कात काहीच होत नाही. शरीराला तो पदार्थ ओळखू येण्यास साधारण दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. त्यामुळे महिनोनमहिने वापरलेले घड्याळ अचानक त्रास देऊ लागले, असा अनुभव अनेकांना येतो. पुढच्या वेळी मात्र संपर्कानंतर एक ते तीन दिवसांत खाजणारे पुरळ, सूज व पाणीदार फोड उठतात.

या ॲलर्जीचे सर्वांत परिचित कारण निकेल हा धातू आहे. नकली दागिन्यांमुळे कान चिघळणे किंवा पँटच्या धातूच्या बटणामुळे बेंबीखाली इसब येणे, ही निकेलच्या ॲलर्जीची घरोघरी दिसणारी उदाहरणे आहेत. पोलादी कवच, बक्कल आणि चार्जिंगचे बिंदू यांत निकेल असू शकते. घामातील क्षार व आम्ल यांमुळे ते सूक्ष्म प्रमाणात सुटे होऊन त्वचेत शिरते. त्वचेला दीर्घकाळ स्पर्श करणाऱ्या वस्तूंमधून दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक निकेल बाहेर पडू नये, अशी मर्यादा युरोपीय संघाने घातलेली आहे. ही मर्यादा बहुसंख्य लोकांना पुरेशी असली, तरी अत्यंत संवेदनशील व्यक्तींना त्याहून कमी प्रमाणही बाधू शकते.

दुसरे महत्त्वाचे कारण म्हणजे ॲक्रिलेट व मेथाक्रिलेट गटातील रसायने. घड्याळाचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या गोंदात ती वापरली जातात. गोंद पूर्णपणे घट्ट झाला तर धोका नसतो. परंतु त्याचे सुटे रेणू शिल्लक राहिल्यास ते तीव्र ॲलर्जी निर्माण करू शकतात. कृत्रिम नखे लावणाऱ्यांमध्ये आणि दंतवैद्यांमध्येही हीच ॲलर्जी आढळते. ॲपल कंपनीने आपल्या घड्याळांबाबतच्या सूचनांमध्ये निकेल आणि मेथाक्रिलेट या दोन्हींचा उल्लेख केलेला आहे. याच गटातील आयसोबोर्निल ॲक्रिलेट या रसायनाची ॲलर्जी शरीरावर चिकटवल्या जाणाऱ्या साखरमापक संवेदकांमुळे झाल्याचे युरोपात आढळले. अमेरिकेतील संपर्क त्वचादाह विषयक संस्थेने २०२० सालचा लक्षणीय ॲलर्जीकारक पदार्थ म्हणून त्याची निवड केली होती.

चामड्याच्या पट्ट्यातील क्रोमियम व रंग आणि रबरी पट्ट्यातील प्रक्रिया रसायने यांचीही ॲलर्जी होऊ शकते. शुद्ध सिलिकॉनची ॲलर्जी विरळ आहे. सिलिकॉनच्या पट्ट्याने होणारा त्रास बहुधा हवा न खेळल्यामुळे होतो.

२०१४ चे प्रकरण : दहा लाख पट्टे परत

या प्रश्नाकडे जगाचे लक्ष प्रथम वेधले गेले ते फिटबिट या अमेरिकी कंपनीच्या ‘फोर्स’ या मनगटी पट्ट्यामुळे. ऑक्टोबर २०१३ मध्ये बाजारात आलेल्या या पट्ट्याने खाज, लाली व फोड येत असल्याच्या तक्रारी काही आठवड्यांतच सुरू झाल्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने विक्री थांबवली आणि मार्चमध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने ही उत्पादने परत मागवण्याची अधिकृत घोषणा केली.

आयोगाच्या माहितीनुसार अमेरिकेत सुमारे दहा लाख व कॅनडात सुमारे २८ हजार पट्टे विकले गेले होते. त्वचेच्या जळजळीच्या सुमारे ९,९०० आणि फोड आल्याच्या सुमारे २५० तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या. पोलादी कवच, पट्ट्यातील साहित्य किंवा जोडणीचा गोंद यांची ॲलर्जी हे कारण सांगण्यात आले. या प्रकरणात बॅटरीचा दोष नव्हता. मात्र अनेक ग्राहकांना आपली त्वचा भाजल्यासारखे वाटत होते. तीव्र ॲलर्जीमुळे आलेले फोड आणि भाजल्याचे फोड दिसायला सारखे असू शकतात, हे यातून स्पष्ट झाले.

प्रत्यक्ष भाजणे कसे घडते?

भाजण्यासाठी वस्तू आगीइतकी तापलेली असावी लागते, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्ण खरा नाही. इजा तापमान आणि वेळ या दोन्हींवर अवलंबून असते. १९४७ साली अमेरिकेत मॉरित्झ व हेन्रिक्स या संशोधकांनी केलेल्या प्रयोगांनुसार ४४ अंश सेल्सियस तापमानाला सुमारे सहा तास सतत संपर्क राहिल्यास त्वचेची कायमस्वरूपी हानी होते. ६० अंशांना त्यासाठी काही सेकंदच पुरतात. हाताला केवळ कोमट-गरम वाटणारी वस्तूही रात्रभर त्वचेला चिकटून राहिल्यास भाजू शकते, असा याचा अर्थ आहे. जागेपणी माणूस आग होताच घड्याळ काढतो. गाढ झोपेत, मद्याच्या अंमलाखाली किंवा झोपेच्या गोळ्या घेतलेल्या व्यक्तीला तसे करता येईलच असे नाही. मधुमेहामुळे हातापायांची संवेदना कमी झालेल्या व्यक्तींनाही उष्णता वेळीच जाणवत नाही.

घड्याळ तापण्याची कारणे मुख्यतः तीन आहेत. पहिले, बॅटरीतील दोष. बॅटरीच्या आतील दोन ध्रुवांमधील पातळ पडदा फाटल्यास अंतर्गत शॉर्ट सर्किट होऊन उष्णता वेगाने वाढत जाते. दुसरे, घड्याळ पडल्याने किंवा पाणी शिरल्याने झालेले नुकसान. तिसरे, चुकीच्या किंवा निकृष्ट चार्जरचा वापर.

याशिवाय विद्युत-रासायनिक दाह हा एक वेगळा प्रकार आहे. घड्याळाच्या पाठीवरील धातूच्या उघड्या बिंदूंमध्ये दोषामुळे विद्युतदाब शिल्लक राहिल्यास घामातून अत्यल्प प्रवाह वाहतो. त्यामुळे ऋण बिंदूपाशी तीव्र अल्कली तयार होऊन त्वचा जळते. अशा वेळी घड्याळ गरम लागतही नाही. बिंदूच्या आकाराचा, खोल व स्पष्ट कडांचा व्रण ही या दाहाची खूण आहे.

नाडी मोजणाऱ्या हिरव्या प्रकाशाने त्वचा भाजते, अशीही समजूत आढळते. हा प्रकाश लहान दिव्यांचा असून त्यात अतिनील किरणे नसतात. नेहमीच्या वापरात त्याने भाजत नाही. संवेदकाचा भाग त्वचेत अधिक रुतत असल्याने तेथे दाब व घाम जास्त असतो आणि म्हणून चट्टा नेमका त्याच आकाराचा उमटतो.

२०२२ चे प्रकरण आणि दंड

बॅटरीमुळे भाजण्याचे सर्वांत मोठे नोंदलेले प्रकरण फिटबिटच्याच ‘आयॉनिक’ या घड्याळाचे आहे. २०१७ साली आलेले हे घड्याळ मार्च २०२२ मध्ये परत मागवण्यात आले. त्यापूर्वी २०२० मध्येच त्याचे उत्पादन थांबले होते. अमेरिकेत सुमारे दहा लाख आणि इतर देशांत सुमारे ६ लाख ९३ हजार घड्याळे विकली गेली होती. बॅटरी अति तापल्याच्या अमेरिकेतील किमान ११५ व इतर देशांतील ५९ तक्रारी नोंदवल्या गेल्या. अमेरिकेत ७८ व अन्यत्र ४० जण भाजल्याची नोंद झाली. यांत तिसऱ्या श्रेणीच्या भाजण्याच्या दोन आणि दुसऱ्या श्रेणीच्या चार घटना होत्या. ग्राहकांना २९९ डॉलर परत देण्याचे जाहीर झाले.

विकल्या गेलेल्या घड्याळांच्या तुलनेत हे प्रमाण अत्यल्प आहे. तथापि प्रकरण तेथेच संपले नाही. अमेरिकी कायद्यानुसार धोकादायक दोषाची माहिती कंपनीने आयोगाला तात्काळ, म्हणजे २४ तासांत कळवणे बंधनकारक आहे. २०१८ ते २०२० या काळात भाजल्याच्या अनेक तक्रारी येऊनही ती वेळेत कळवली गेली नाही, असा आरोप आयोगाने ठेवला. जानेवारी २०२५ मध्ये हे प्रकरण मिटवण्यासाठी कंपनीने १ कोटी २२ लाख ५० हजार डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले. ग्राहकाने नोंदवलेली एकेक तक्रार किती महत्त्वाची असते, हे या घटनेवरून लक्षात येते.

फरक कसा ओळखावा?

घाम व घर्षणाचा त्रास पट्ट्याखाली, विशेषतः घट्ट भागात दिसतो. त्यात आग अधिक व खाज कमी असते आणि घड्याळ काढल्यावर काही दिवसांत तो ओसरतो. ॲलर्जीत खाज हे मुख्य लक्षण असते. पुरळ बक्कल किंवा कवचाच्या जागी सुरू होऊन त्या जागेबाहेरही पसरू शकते आणि तेच घड्याळ पुन्हा घातल्यावर पुन्हा उठते. नायट्याची कड उठावदार व गोलाकार असून मध्यभाग काहीसा स्वच्छ दिसतो. भाजल्याचा व्रण अचानक उद्भवतो, वेदनादायक असतो आणि त्याच्या कडा स्पष्ट असतात. खोल भाजले असल्यास मात्र वेदना कमीही असू शकते. म्हणून दुखत नाही या कारणाने अशा व्रणाकडे दुर्लक्ष करू नये.

ॲलर्जीची खात्री करण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. संशयित पदार्थांच्या छोट्या चकत्या पाठीवर ४८ तास चिकटवून ठेवतात आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत प्रतिक्रिया तपासली जाते. धातूत निकेल आहे का हे पाहण्यासाठी डायमिथिलग्लायॉक्झिम नावाचे रसायन वापरले जाते. निकेल सुटत असल्यास कापसाचा बोळा गुलाबी होतो.

त्रास झाल्यास काय करावे?

पुरळ किंवा खाज दिसताच घड्याळ काढून ठेवावे. दुसऱ्या मनगटावर बांधून पाहणे हा उपाय नव्हे. ॲलर्जी असल्यास तेथेही पुरळ उठेल. जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करावी व सुगंधरहित मॉइश्चरायझर लावावे. काही दिवसांत फरक न पडल्यास, फोड किंवा पू दिसल्यास अथवा पुरळ पसरू लागल्यास डॉक्टरांना दाखवावे.

औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने मलम आणून लावणे टाळावे. अनेक लोकप्रिय मलमांमध्ये तीव्र स्टेरॉईड असते. नायट्यावर असे मलम लावल्यास खाज तात्पुरती थांबते, परंतु बुरशी आतून पसरत जाते आणि पुढे उपचार कठीण होतात. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध सातत्याने आवाज उठवला असून, २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत समाविष्ट केली. पुरळ बरे झाल्यावर त्या जागी काळसर डाग काही आठवडे किंवा महिने राहू शकतो. भारतीय त्वचेत हे सामान्य आहे. तो घासून काढण्याचा प्रयत्न करू नये.

भाजल्यास घड्याळ त्वरित काढावे आणि ती जागा नळाच्या वाहत्या, साध्या थंड पाण्याखाली सुमारे २० मिनिटे धरावी. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप किंवा शाई लावू नये. फोड फोडू नयेत. घड्याळ त्वचेला चिकटले असल्यास ते ओढून न काढता रुग्णालयात जावे. बॅटरी फुटून आतील द्रव त्वचेवर सांडला असल्यास भरपूर पाण्याने धुऊन तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

घ्यावयाची दक्षता

घड्याळ इतके सैल असावे की ते मनगटावर किंचित सरकेल. व्यायामापुरते ते घट्ट करून नंतर पुन्हा सैल करावे. व्यायाम, आंघोळ व भांडी धुणे यांनंतर पट्टा आणि मनगट दोन्ही पुसून कोरडे करावेत. दिवसातून किमान एक तास त्वचेला मोकळी हवा मिळू द्यावी. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी टायटॅनियम किंवा सिरॅमिकचे कवच आणि धातूची बक्कल नसलेला पट्टा निवडावा.

घड्याळ मनगटावर असताना चार्ज करू नये. पाठीवरील धातूचे बिंदू ओले किंवा गंजलेले असल्यास चार्जर जोडू नये. पडदा वर उचलला गेला असेल, कवचाला फट दिसत असेल किंवा घड्याळ विनाकारण तापत असेल, तर बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता असते. असे घड्याळ लगेच बंद करावे, त्याला टोचू किंवा दाबू नये आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नये. ते ई-कचरा संकलन केंद्रावर द्यावे. एमआरआय तपासणीपूर्वी घड्याळ काढणे अनिवार्य आहे.

खरेदी आणि तक्रार

भारतात लिथियम बॅटऱ्या आणि स्मार्ट घड्याळे भारतीय मानक ब्यूरोच्या अनिवार्य नोंदणी योजनेत येतात. खरेदीपूर्वी वेष्टनावरील मानक चिन्ह व ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. तो खरा आहे की नाही, हे ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर तपासता येते. पावती जपून ठेवावी.

इजा झाल्यास व्रणाची व घड्याळाची तारखेसह छायाचित्रे काढावीत, डॉक्टरांचे प्रमाणपत्र घ्यावे आणि घड्याळ विक्रेत्याला परत देण्यापूर्वी लेखी तक्रार नोंदवावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू असून त्यात सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीची जबाबदारी उत्पादक व विक्रेत्यावर टाकण्याची तरतूद आहे. याच कायद्यान्वये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू बाजारातून परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ असून तेथे मराठीसह विविध भारतीय भाषांत तक्रार नोंदवता येते. तेथे समाधान न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास त्यासाठी शुल्क आकारले जात नाही.